सरकारी नोकराचे घर आणि सरकारी दप्तर

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात वाशीम येथे दिलेल्या व्याख्यानाचा संकलित भाग)



कार्यवाहांनी मला ‘नोकरीतील अनुभव’ या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली. मी काही वक्ता नव्हे. आयुष्याची तीसहून अधिक वर्षे कारकुनीत गेली. नस्तीच्या फितीची गाठ सोडावी आणि पुन्हा बांधावी, एवढीच माझी विद्या. तथापि या विद्येतही एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे. ती आपल्या घराघरांशी संबंधित असल्याने आज आपल्यापुढे ठेवावी असे मी ठरविले.

आपल्या आजोबांच्या पिढीत समाजाचा निर्वाह शेतीवर आणि लहानसहान धंद्यावर होता. आज पाहावे तर कोणाचा मुलगा तलाठी आहे, कोणाची सून प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे, कोणाची कन्या आरोग्य उपकेंद्रात परिचारिका आहे, कोणी वीजमंडळात आहे, कोणी पोलिसांत. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वाशीम जिल्हा वेगळा झाला. वाशीम, मालेगाव, रिसोड, मंगरुळपीर, कारंजा आणि मानोरा या सहा तालुक्यांचा कारभार येथून चालू लागला, तेव्हापासून तर नोकरदार कुटुंबे आपल्यात पुष्कळच वाढली. तेव्हा नोकराचे नाव, त्याचा पत्ता, त्याचा दूरध्वनी हे सरकारी कागदातून कोणाच्या हाती जावे आणि कोणाच्या जाऊ नये, हा प्रश्न केवळ कायदेपंडितांचा राहिलेला नाही. तो आपल्या उंबऱ्याशी येऊन ठेपला आहे.

आरंभी याच भूमीतील एका जुन्या दप्तराची आठवण करून देतो. १९३९ साली वाशीम येथे वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट उपलब्ध झाला. वत्सगुल्म, म्हणजे हेच आपले वाशीम, येथून राज्यारोहणाच्या ३७व्या वर्षी तो दिला गेला. नांदेडकडील एका गावाचे दान त्यात नोंदलेले असून दान घेणाऱ्यांची नावे गोत्रांसह तांब्यावर कोरलेली आहेत. राजाने कोणास काय दिले हे प्रजेस कळावे, पुढे कोणी नाकारू नये, यासाठी ही व्यवस्था. आणि वाकाटकांच्या अशा दानपत्रांत दुसरेही एक कलम येत असते: दान दिलेल्या गावात राजाच्या शिपायांनी प्रवेश करू नये. म्हणजे व्यवहार उघड, पण वस्तीला संरक्षण. या दोन गोष्टी परस्परविरोधी आहेत असे त्या काळच्या लेखनिकास वाटले नाही. आम्हा आजच्या लेखनिकांना मात्र हा विवेक पुष्कळदा राहात नाही. त्यांत मी स्वतः एक आहे, म्हणून प्रथम माझाच अपराध सांगतो.

सन २०११-१२ च्या सुमाराची गोष्ट. जिल्ह्यातील एका कार्यालयात मी अव्वल कारकून होतो आणि माहितीच्या अधिकाराखाली येणाऱ्या अर्जांचे काम माझ्या मेजावर होते. एके दिवशी एक अर्ज आला. अधीनस्थ सर्व कर्मचाऱ्यांची नावे, पदनामे, निवासाचे पत्ते आणि भ्रमणध्वनी क्रमांक मिळावेत, अशी मागणी होती. अर्जदार गृहस्थ सज्जन होते. त्यांच्या हेतूविषयी मला आजही शंका नाही. त्या दिवशी कामाचा रेटा फार होता. मी आस्थापनेची यादी काढली, तिच्या चार छायाप्रती केल्या, पानास दोन रुपयांप्रमाणे आठ रुपये भरून घेतले, साहेबांची स्वाक्षरी घेतली आणि मुदतीच्या कितीतरी आधी माहिती दिल्याचे समाधान मानले.

त्या यादीत एका तरुण ग्रामसेविकेचे नाव होते. नोकरीस लागून तिला वर्षही झाले नव्हते. तालुक्याच्या गावी एक खोली भाड्याने घेऊन ती एकटी राहात असे. ग्रामपंचायतीच्या एका कामाच्या देयकावर तिने सही करण्यास नकार दिला होता. यादी बाहेर गेल्यावर ती या हातातून त्या हातात फिरली. कोणा झेरॉक्सच्या दुकानात तिच्या आणखी प्रती निघाल्या असाव्यात. रात्री-अपरात्री त्या मुलीला दूरध्वनी येऊ लागले. पुढे कोणी खोलीच्या दारासमोर उभेही राहू लागले. तिने तक्रार केली नाही. तिचे वडील माझ्याकडे आले. टोपी हातात घेऊन उभे राहिले आणि एवढेच म्हणाले, “बाबूजी, माह्या पोरीच्या खोलीचा पत्ता कोनं देला जी?”

मी उत्तर दिले, “नियमाने दिला.”

बंधुभगिनींनो, हे उत्तर खोटे होते. मी ते जाणूनबुजून खोटे दिले नाही. मी नियम वाचलेलाच नव्हता. ते गृहस्थ गेल्यावर त्या सायंकाळी मी कायद्याचे पुस्तक घरी नेले आणि पहिल्या कलमापासून वाचले. त्या वाचनात जे आढळले आणि पुढील वर्षांत न्यायालयांनी जे सांगितले, ते आपणांस थोडक्यात निवेदन करतो.

माहितीच्या अधिकाराचा इतिहास महाराष्ट्राला अभिमान वाटावा असा आहे. राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारे यांच्या आंदोलनांचा रेटा लागून आपल्या राज्याने २००२ चा कायदा केला. त्यानंतर केंद्राचा माहितीचा अधिकार अधिनियम आला व १२ ऑक्टोबर २००५ पासून तो पूर्णपणे अंमलात आला. १९२३ च्या शासकीय गुपितांच्या कायद्यावर वाढलेल्या आम्हा कारकुनांना तो प्रथम फार जाचला, हे मी प्रांजलपणे कबूल करतो. परंतु दहा रुपयांच्या अर्जावर विहिरींची यादी, रस्त्याचे मोजमाप, रोजगार हमीची हजेरीपत्रके सामान्य शेतकऱ्याच्या हाती येऊ लागली. कागदोपत्री खणलेल्या विहिरी, मृतांच्या नावे लागलेल्या हजेऱ्या उघडकीस येऊ लागल्या. या कायद्याचे उपकार मी मानतो. म्हणून आज मी जे बोलणार आहे ते त्या कायद्याविरुद्ध नव्हे, हे आधीच स्पष्ट करतो.

आता या कायद्यात नोकराविषयी काय आहे? कलम ४ अन्वये प्रत्येक कार्यालयाने आपण होऊन काही माहिती प्रसिद्ध करावयाची असते. तीत अधिकारी व कर्मचाऱ्यांची निर्देशिका आहे. प्रत्येकास मिळणारे मासिक वेतन आहे. माहिती अधिकाऱ्याचे नाव व पदनामही आहे. म्हणजे तलाठी कोण, त्याचा सज्जा कोणता, त्यास वेतन किती, कार्यालयाचा दूरध्वनी कोणता, हे विचारण्याचाही प्रश्न नाही. ते भिंतीवर असले पाहिजे. जो पगार जनतेच्या पैशातून मिळतो तो जनतेपासून लपविता येणार नाही. परंतु निवासाचा पत्ता द्या, घरचा वा स्वतःचा भ्रमणध्वनी द्या, असे त्या कलमात कोठेही नाही. मी ‘निर्देशिका’ या शब्दाचा अर्थ मनानेच विस्तारला होता.

उलटपक्षी, संरक्षणाची कलमे तेथे होतीच. कलम ८(१)(छ) सांगते की, जिच्यामुळे एखाद्याच्या जीवितास वा शारीरिक सुरक्षिततेस धोका पोहोचेल ती माहिती देणे बंधनकारक नाही. कलम ८(१)(ञ) वैयक्तिक माहितीविषयी आहे. कलम १० म्हणते की, कागदाचा काही भाग देण्याजोगा नसेल तर तेवढा वगळून उरलेला द्यावा. म्हणजे यादी अडवून ठेवण्याचीही गरज नव्हती; शेवटच्या दोन रकान्यांवर शाई फिरविली असती तरी काम झाले असते. आणि कलम ११ तर माझ्यासाठीच लिहिलेले होते. त्रयस्थ व्यक्तीने गोपनीय मानलेली माहिती देण्याचा विचार असेल तर पाच दिवसांच्या आत तिला लेखी कळवावे आणि तिचे म्हणणे मांडण्यास दहा दिवस द्यावेत, असे ते सांगते. त्या मुलीला एक चार ओळींचे पत्र लिहिले असते तर तिने आपली अडचण सांगितली असती. मी ते लिहिले नाही.

येथे एक मुद्दा विशेष लक्षात घेण्यासारखा आहे. कलम ६(२) प्रमाणे अर्जदाराला ‘ही माहिती कशासाठी पाहिजे’ असे विचारता येत नाही. हा नियम उत्तम आहे. तो नसता तर प्रत्येक गरिबाचा अर्ज ‘कारण समाधानकारक नाही’ या शेऱ्याने परत गेला असता. परंतु त्याचा दुसरा अर्थ असा की, सज्जनाला दिलेला कागद हा दुर्जनालाही दिलेलाच असतो. सरकारी दप्तरातून एकदा बाहेर पडलेल्या कागदावर कोणाचाच ताबा राहात नाही. यास्तव कागद कोणाच्या हाती जातो याचा विचार करता येत नसेल, तर कागदात काय जाते याचा विचार करणे हे दप्तर सांभाळणाऱ्याचे कर्तव्य ठरते.

न्यायालयांपुढे हा प्रश्न कसा आला, तेही सांगण्यासारखे आहे. कारण त्याची सुरुवात आपल्या शेजारी अकोल्यातच झाली. भविष्य निर्वाह निधीच्या अकोला येथील उपप्रादेशिक कार्यालयात पूर्वी काम केलेल्या एका अंमलबजावणी अधिकाऱ्याविषयी ऑगस्ट २००८ मध्ये एका नागरिकाने अर्ज केला. नेमणूक, वेतन, बदल्या, मिळालेले ज्ञापन, कारणे दाखवा नोटिसा, स्थावर-जंगम मालमत्ता, गुंतवणूक, कर्ज, इतकेच नव्हे तर मुलाच्या विवाहात आलेल्या भेटवस्तू, असा तपशील त्यात मागितला होता. काही माहिती मिळाली, पुष्कळशी नाकारली गेली. प्रकरण केंद्रीय माहिती आयोग, उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ असे चढत चढत सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ३ ऑक्टोबर २०१२ रोजी ‘गिरीश रामचंद्र देशपांडे विरुद्ध केंद्रीय माहिती आयुक्त’ या नावाने निकाल झाला. न्यायमूर्ती के. एस. राधाकृष्णन आणि न्यायमूर्ती दीपक मिश्रा यांनी म्हटले की, कर्मचाऱ्याचे नोकरीतील काम ही प्रामुख्याने तो आणि त्याचा नियोक्ता यांच्यामधील बाब आहे. नोटिसा, मालमत्ता, प्राप्तिकराची विवरणे ही वैयक्तिक माहिती होय. आणि व्यापक सार्वजनिक हित दाखविल्याखेरीज ती उघड करता येणार नाही.

या निकालाने आम्हा नोकरांना हायसे वाटले, हे नाकबूल करण्यात अर्थ नाही. पण त्यावर जाणत्यांनी टीका केली, तीही योग्य होती. कायद्यात त्या वेळी एक परंतुक होते: जी माहिती संसदेला किंवा राज्याच्या विधिमंडळाला नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येणार नाही. माजी केंद्रीय माहिती आयुक्त शैलेश गांधी यांच्यासारख्यांनी विचारले की, या परंतुकाचा पुरेसा विचार न होता हा निकाल देशभर आधार म्हणून वापरला जावा काय? प्रत्यक्षात घडलेही तसेच. ज्या कारकुनाला काही द्यावयाचे नसे तो ‘देशपांडे प्रकरण पाहावे’ असा शेरा मारून मोकळा होऊ लागला. आपल्याच लोकांनी हे केलेले मी डोळ्यांनी पाहिले आहे. घर झाकण्यासाठी दिलेले पांघरूण काहींनी मेजावर ओढून घेतले.

पुढे २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी प्रकरणात खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा एकमताने निर्वाळा दिला. त्या पीठात आपल्या नागपूरचे न्यायमूर्ती शरद बोबडे होते, हे विदर्भवासीयांनी लक्षात ठेवावे. १३ नोव्हेंबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या माहिती अधिकाऱ्यासंबंधीच्या सुभाषचंद्र अग्रवाल प्रकरणात वैयक्तिक माहितीत काय काय मोडते याची गणना झाली, तीत नाव आणि पत्ता यांचा स्पष्ट उल्लेख आहे. मात्र त्याच निकालात सार्वजनिक हित आणि खासगीपणा यांचा प्रत्येक वेळी तोल पाहावा, असेही सांगितले आहे. तो तोल कसा पाहावा याचा नमुना मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दाखविला. पुणे जिल्हा न्यायालयातील कनिष्ठ लिपिकांच्या भरतीत इतर उमेदवारांना किती गुण मिळाले हे एका उमेदवाराने विचारले होते. सार्वजनिक भरतीतील गुण लपवून ठेवण्याने संशयच वाढतो, ते उघड करावेत, असा कौल न्यायालयाने दिला. हा कौल मला पटतो. गुण हे पदाशी निगडित आहेत; उमेदवाराच्या घराचा पत्ता पदाशी निगडित नाही.

आता सर्वांत अवघड गाठ. आपल्याकडील ग्रामसेवक, शिक्षक, आरोग्य कर्मचारी यांनी मुख्यालयी राहावे असा दंडक आहे आणि त्यासाठी घरभाडे भत्ता मिळतो. मुख्यालयी राहात असल्याबद्दल ग्रामसभेचा ठराव घ्यावा, असेही शासनाने पुढे ठरविले. आता गावकरी विचारतात, “गुरुजी गावात राहतात म्हणून भत्ता घेतात, मग ते राहतात कोठे?” हा प्रश्न अगदी रास्त आहे. येथे निवासस्थान हीच सार्वजनिक पैशाची बाब झाली. मग पत्ता द्यावयाचा की नाही?

माझे अल्पमतीचे उत्तर असे. कर्मचारी मुख्यालयी राहतो की नाही, भत्ता कोणत्या महिन्यांचा घेतला, ग्रामसभेचा ठराव झाला किंवा नाही, वरिष्ठांनी पडताळणी केव्हा केली, हे सर्व अर्जदारास मिळालेच पाहिजे. यातले काहीही ‘वैयक्तिक’ म्हणून झाकणे ही लबाडी होय. परंतु घराचा क्रमांक, घरमालकाचे नाव, स्वतःचा भ्रमणध्वनी, बँकेचे खाते, मुलांच्या शाळेचे नाव हे काळी रेघ मारून वगळता येते, आणि वगळल्याने गावकऱ्याच्या प्रश्नाचे उत्तर यत्किंचितही अपुरे राहात नाही. प्रश्न पैशाचा आहे, दाराचा नाही. ज्या माहितीने हिशोब तपासता येतो ती द्यावी. जिच्याने केवळ माणूस गाठता येतो ती देऊ नये, ही कसोटी मी पुढे नोकरी संपेपर्यंत वापरली आणि तीमुळे माझे कोणाशी भांडण झाले नाही.

यावर कोणी म्हणेल, “मतदार याद्यांत घर क्रमांक असतोच, निवडणुकीच्या उमेदवाराची मालमत्ताही प्रसिद्ध होते, मग नोकरानेच एवढा पडदा का मागावा?” उमेदवार लोकांपुढे आपण होऊन मत मागावयास येतो, परिचारिका औषध द्यावयास येते. आणि मतदार यादीत अमुक घरातील बाई अमुक देयकावर सही करण्यास नकार देणारी ग्रामसेविका आहे असे लिहिलेले नसते. हुद्दा आणि उंबरा हे दोन्ही एकाच ओळीत आले म्हणजे त्या ओळीचे हत्यार होते.

हे हत्यार किती दूर जाते याची उदाहरणे परदेशातही आहेत. अमेरिकेत जुलै २०२० मध्ये न्यू जर्सीतील एक न्यायाधीश एस्थर सालास यांच्या घराचा पत्ता शोधून, त्यांच्यापुढे दावा चालविलेला एक वकील दारात आला. त्याच्या गोळीबारात त्यांचा वीस वर्षांचा एकुलता मुलगा डॅनियल ठार झाला. त्याच वर्षी त्या राज्याने डॅनियलच्या नावाने कायदा करून न्यायाधीश, पोलीस आदींचे घरचे पत्ते व दूरध्वनी प्रसिद्ध करण्यास आळा घातला, आणि डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रीय न्यायाधीशांसाठी तसाच कायदा झाला. आपल्याकडील तलाठ्याला, वाळूच्या गाड्या अडविणाऱ्या महसूल कर्मचाऱ्याला, थकबाकीसाठी वीज तोडणाऱ्या तारमार्ग्याला हा धोका समजावून सांगावा लागत नाही.

परंतु सभ्य गृहस्थहो, धोका एकाच बाजूला नाही. अर्ज करणाऱ्यालाही घर असते. तळेगाव दाभाडे येथील सतीश शेट्टी यांनी माहितीच्या अधिकाराने जमिनीच्या व्यवहारांतील गैरप्रकार उघडकीस आणले. १३ जानेवारी २०१० रोजी सकाळी फिरावयास गेले असता त्यांची हत्या झाली. अर्जदाराचा पत्ता ‘संबंधितां’ना तोंडी कळविणारे महाभाग कार्यालयांत असतात, हे आपण जाणतो. कलम ६(२) सांगते की, संपर्कापुरत्या तपशिलाखेरीज अर्जदाराची वैयक्तिक माहिती मागू नये. कलकत्ता उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१३ मध्ये त्याही पुढे जाऊन, टपालपेटीचा क्रमांक दिला तरी पुरे, असे म्हटले. म्हणून जो नोकर स्वतःच्या उंबऱ्यासाठी पडदा मागतो त्याने अर्जदाराच्या उंबऱ्यासाठी तोच पडदा राखला पाहिजे. असे न करील तर त्याची मागणी केवळ स्वार्थ ठरेल.

आणि आता अलीकडचा बदल. २०२३ साली डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम झाला. त्याच्या कलम ४४(३) ने माहितीच्या अधिकारातील कलम ८(१)(ञ) बदलले, आणि हा बदल नोव्हेंबर २०२५ मध्ये अंमलात आला. पूर्वीच्या कलमात अटी होत्या: जिचा सार्वजनिक कार्याशी संबंध नाही, किंवा जिच्याने खासगीपणावर अवाजवी आक्रमण होते, अशीच वैयक्तिक माहिती नाकारता येत असे, तीही व्यापक सार्वजनिक हित नसेल तरच. विधिमंडळाचे ते परंतुकही होते. आता या सर्व अटी गळाल्या आणि ‘वैयक्तिक माहिती’ एवढेच शब्द उरले. कलम ८(२) मात्र शिल्लक आहे. संरक्षित हितास पोहोचणाऱ्या हानीपेक्षा सार्वजनिक हित मोठे असेल तर माहिती देता येते, असे ते सांगते.

नोकरदार बंधूंनो, हा बदल आपल्या सोयीचा आहे असे समजून कोणी आनंद मानू नये. ज्या कलमाने त्या ग्रामसेविकेचा पत्ता झाकला जाईल, त्याच कलमाने तिला सही करावयास सांगणाऱ्याचे नावही झाकले जाऊ शकते. देयकावर कोणाची सही आहे, विहीर कोणाच्या नावे मंजूर झाली, चौकशीत दोषी कोण ठरला, यातील प्रत्येक गोष्टीत कोणा ना कोणा व्यक्तीचे नाव असतेच. ते सारे वैयक्तिक म्हटले तर उघडे उरणार काय? प्रामाणिक नोकराचे खरे संरक्षण उघड्या कागदात असते, कारण त्याने नकार दिला होता याची साक्ष तोच कागद देतो. त्या मुलीच्या नकाराची नोंद नस्तीत होती. ती कोणी मागितली असती आणि मी दिली असती, तर खरोखर तिचे हितच झाले असते. मी नेमके उलट केले: जे द्यावयाचे ते कोणी मागितले नाही, आणि जे द्यावयाचे नव्हते ते देऊन बसलो.

तेव्हा करावे काय? नोकरी करणाऱ्यांना माझी विनंती अशी की, आपल्या कार्यालयाच्या यादीत आपला घरचा पत्ता व स्वतःचा क्रमांक कोठे कोठे आहे ते एकदा पाहावे, आणि तो संपर्क गोपनीय समजावा असे लेखी देऊन ठेवावे. कलम ११ ची नोटीस आली तर ती फेकून न देता दहा दिवसांत उत्तर द्यावे. संघटनांनी, पदाला जोडलेला भ्रमणध्वनी मिळावा आणि बदलीबरोबर तो पुढच्या माणसाकडे जावा, अशी मागणी लावून धरावी; काही खात्यांनी ते केलेही आहे. कारण लोकांना तलाठी भेटला पाहिजे, हे खरे. पण तो तलाठी म्हणून भेटावा. आणि अर्ज करणाऱ्या बांधवांनी माहिती नाकारली गेल्यास निराश न होता तीस दिवसांत पहिले अपील करावे, नंतर नव्वद दिवसांत अमरावतीच्या खंडपीठाकडे दुसरे अपील करावे. अर्जात कलम ८(२) चा उल्लेख करून सार्वजनिक हित चार वाक्यांत मांडावे. मात्र कोणाच्या घराचा पत्ता मागू नये.

शेवटचा मुद्दा आपल्या मंडळाचा. तो बोलताना थोडा संकोच होतो, पण बोललेच पाहिजे. आपण दरवर्षी ही स्मरणिका काढतो. तिच्या उत्तरार्धात सभासदांची परिचय-सूची आणि उपवर वधू-वरांची यादी असते. मुलीचे नाव, जन्मतारीख, उंची, शिक्षण, नोकरीचे कार्यालय, वेतन, घरचा पत्ता, भ्रमणध्वनी, सारे एका ओळीत. जे देण्यास सरकारी दप्तराला न्यायालयाने मनाई केली, ते आपण स्वखर्चाने छापतो आणि घरोघर पोहोचवितो! पूर्वी ती पुस्तिका चार गावांत फिरून कपाटात पडत असे. आता तिची पाने कोणीही दूरध्वनीवर टिपतो आणि क्षणात ती कोठच्या कोठे जातात.

वडीलधारी मंडळी म्हणतील, “ही यादी नसती तर सोयरिकी जुळल्या कशा असत्या?” अगदी खरे आहे. माझ्या धाकट्या मुलाचा विवाह याच यादीतून जुळला. यादी बंद करा असे मी म्हणत नाही. एवढेच सुचवितो की, पुढील वर्षापासून प्रत्येक उपवर मुलामुलीची स्वतःची लेखी संमती घ्यावी, केवळ वडिलांची नव्हे. यादीत नाव, शिक्षण, गाव आणि मंडळाचा नोंदणी क्रमांक एवढेच छापावे. नोकरी सरकारी की खासगी एवढे लिहावे, कार्यालयाचे नाव लिहू नये. आणि पुढील संपर्क मंडळाच्या कार्यालयामार्फत, दोन्ही घरांची विचारपूस करून द्यावा. यात कार्यवाहांचे काम वाढेल. ते काम, मी निवृत्त मनुष्य आहे, माझ्याकडे द्यावे. दप्तर सांभाळण्याची सवय आहेच. या वेळी ते नीट सांभाळीन.

हे मी का म्हणतो, ते सांगून संपवितो. टोपी हातात घेऊन माझ्यापुढे उभे राहिलेले ते गृहस्थ परके नव्हते. ते आपल्याच समाजाचे, आपल्याच मंडळाचे आजीव सभासद. त्यांच्या कन्येने पुढे बदली मागून घेतली, क्रमांक बदलला आणि नोकरी सोडली नाही. ती आजही चांगले काम करीत आहे. परंतु त्या वर्षापासून त्या घराचे नाव आपल्या सूचीत नाही. दरवर्षी कार्यवाह फॉर्म पाठवितात, दरवर्षी तो कोरा परत येतो. कार्यवाहांना कारण ठाऊक नव्हते. मला होते, आणि मी इतकी वर्षे गप्प राहिलो.

मंडळाने माझी सूचना मान्य केली तर पुढील वर्षीचा फॉर्म घेऊन मी स्वतः त्यांच्या घरी जाईन. त्यांनी एकदा मला एक प्रश्न विचारला होता. त्याचे खरे उत्तर मला अद्याप द्यावयाचे आहे.